हरवले आहे : एक लक्ष

तिसरी ब मधल्या एका मुलीचं लक्ष सोमवारी, दुसऱ्या तासाला हरवलं. त्या वेळी वर्गात एक बाई, बेचाळीस मुलं आणि एक खडू हजर होते. भूमिती चालू होती. बाईंनी फळ्यावर काढलेलं वर्तुळ पहिल्याच झटक्यात बऱ्यापैकी गोल आलं होतं, एवढं त्यांच्या बाजूने नमूद केलं पाहिजे.

मुलीला सगळे भिंगरी म्हणत. इतरांच्या पायाला भिंगरी लागते. हिच्या बोटांना, मानेला आणि जिभेलाही लागली होती. त्या एका तासात तिने पट्टी तीनदा पाडली, शेजारणीच्या वहीत आपलं म्हणून फूल काढलं, शेजारणीने वही ओढली तेव्हा तिला ढकललं आणि मग स्वतःच रडली. हे सगळं आटोपल्यावर ती उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, वर्तुळाला कोपराच नसतो, तर मग ते सुरू कुठून होतं?"

"तुझं लक्ष कुठंय?" बाईंनी विचारलं.

"वर्तुळात."

"वर उलट उत्तर!" बाई म्हणाल्या. त्या स्वभावाने वाईट नव्हत्या. पण बेचाळीस मुलांसमोर उभं राहून त्यांचे पाय सुजले होते, आणि सुजलेल्या पायांनी माणूस फार लांबचा विचार करत नाही. त्यांनी कार्यालयाला चिठ्ठी लिहिली : "सदर विद्यार्थिनीचे लक्ष हरवले आहे. योग्य ती कार्यवाही व्हावी."

कार्यालयात शब्दाला मान असतो. कारकुनाने 'हरवले' हा शब्द वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला आणि हरवलेल्या वस्तूंची नोंदवही काढली. एक काळी छत्री, दोन डबे आणि डाव्या पायाचा एक बूट यांच्याखाली त्याने सुवाच्य अक्षरात लिहिलं : वस्तू – लक्ष. नग – एक. रंग – माहीत नाही. शेवटचे कुठे दिसले – खिडकीजवळ.

मग त्याने भिंगरीच्या आईला बोलावून घेतलं. आई चष्म्याच्या दुकानात काम करायची. दिवसभर लोकांना खुर्चीत बसवायचं, समोरच्या पाटीवरची अक्षरं दाखवायची आणि म्हणायचं, "आता खालची ओळ वाचा." आवाज न चढवता एकच वाक्य शंभरदा म्हणायची तिला सवय होती. भिंगरीची आई होण्यासाठी याहून चांगली तयारी कुठे मिळाली नसती.

"ताई, तुमच्या मुलीची एक वस्तू हरवली आहे," कारकून म्हणाला.

"पुन्हा पट्टी का?"

"लक्ष."

आई म्हणाली, "ते घरीही नसतं हो बऱ्याचदा."

"घरी नीट शोधलंत का? कपाटामागे वगैरे?" कारकुनाच्या चेहऱ्यावर चेष्टेचा लवलेश नव्हता. "कारण नियम सात असा आहे, की तीस दिवसांत वस्तू सापडली नाही तर ती शाळेबाहेर पाठवायची."

"पण सापडलीच नाही तर पाठवणार काय?"

"तोच मुद्दा आहे. लक्ष हाताशी असतं तर लक्ष पाठवलं असतं. ते नाही, म्हणून ते जिच्याजवळ असायला हवं होतं तिला पाठवायचं. नदीपलीकडच्या शाळेत. नियम मी केलेले नाहीत, ताई. मी फक्त रकाने आखतो."

नदीपलीकडच्या शाळेला जायला दोन बस बदलाव्या लागत, आणि भिंगरीला एका बसमध्येही बसवत नसे. शिवाय तिला सोडायला जायचं तर आईला दुकानातली सकाळची पाळी सोडावी लागली असती. आणि तिसरी ब मध्ये ती शेजारीण होती; ढकलाढकली झाली तरी मधल्या सुट्टीत भिंगरीसाठी जागा धरून ठेवणारी ती एकटीच. आईने हे सगळं सांगितलं. कारकुनाने ते शांतपणे ऐकून घेतलं आणि लिहून घेतलं नाही, कारण त्यासाठी रकाना नव्हता.

आई भिंगरीला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्यांनी मुलीला जमिनीवर बसू दिलं, उठू दिलं, पुन्हा बसू दिलं, आणि पाऊण तास तिच्याशी गप्पा मारल्या. मग आईला म्हणाल्या, "हिला त्रास आहे, हे खरं आहे. हा हट्ट नाही आणि तुमची चूकही नाही." आईला तिथेच रडू आलं. गेल्या तीन वर्षांत 'तुमची चूक नाही' असं तिला कोणी म्हटलं नव्हतं. उलट म्हणणाऱ्यांची मात्र रांग लागली होती.

डॉक्टरीणबाईंनी एका छोट्या कागदावर तीन ओळी लिहून दिल्या. एक : पहिल्या बाकावर बसवा. दोन : एका वेळी एकच सूचना द्या. तीन : दर अर्ध्या तासाने उठून काहीतरी छोटं काम करू द्या.

कागद छोटा होता, हाच त्याचा दोष ठरला. "एवढ्याशा कागदावर मी शिक्के कुठे मारू?" कारकून म्हणाला. तेव्हा आईने एक मोठा अर्ज, त्याच्या तीन प्रती आणि प्रती खऱ्या असल्याचा दाखला जोडला. प्रकरणाला वजन आलं. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, तातडीने दहाव्या दिवशी लक्ष शोध समिती नेमली. समितीत त्या स्वतः, वर्गावरच्या बाई आणि कारकून.

पहिल्या बैठकीत पहिली ओळ वाचण्यात आली. पहिला बाक हुशार मुलांचा. तिथे हिला बसवलं तर हुशारांचं लक्ष हरवेल, आणि नोंदवहीत तेवढ्या ओळी शिल्लक नाहीत, यावर चर्चा होऊन घंटा झाली. दुसऱ्या बैठकीत दुसरी ओळ वाचण्यात आली. ती सर्वांना एकदम पटली. लगेच बाईंना लेखी कळवण्यात आलं, की विद्यार्थिनीला एका वेळी एकच सूचना द्यावी. आणि ती कशी द्यावी याबद्दलच्या चौदा सूचना सोबत जोडण्यात आल्या. तिसऱ्या ओळीपर्यंत समिती पोचली नाही. चहा आला.

शोध शास्त्रशुद्ध व्हावा म्हणून एक तक्ता छापण्यात आला. दर पाच मिनिटांनी बाईंनी भिंगरीकडे पाहायचं आणि 'आहे', 'नाही' किंवा 'सांगता येत नाही' यापैकी एका रकान्यात खूण करायची. बाईंनी हे काम मनापासून केलं. इतकं, की शिकवायला त्यांना सवड उरली नाही. बाई शिकवत नाहीत म्हटल्यावर बाकीची मुलं खिडकीबाहेर बघू लागली. मग त्यांचीही नावं नोंदवहीत चढली. पंधराव्या दिवशी तिसरी ब मधली अडतीस लक्षं हरवलेली होती, आणि काळ्या छत्रीसाठी कारकुनाला दुसरं पान करावं लागलं.

घरासाठी वेगळा तक्ता होता. आईने तो नेमाने भरला. सकाळी आंघोळ झाल्याशिवाय त्याला हात लावला नाही. बाबांनीही हातभार लावला. मुलांची एकाग्रता वाढवण्यावरची चार पुस्तकं त्यांनी आणली होती, आणि चारही पहिल्या प्रकरणापर्यंत अगदी रंगून वाचली होती.

"बाबा, मी तुम्हाला तीनदा हाक मारली," भिंगरी एकदा म्हणाली. "तुमचं लक्ष कुठंय?"

"तुझ्यातच आहे गं," बाबा पान उलटत म्हणाले.

आईने तक्त्यात शोधलं, पण त्यात बाबांसाठी रकाना नव्हता.

आता शाळेच्या मावशींबद्दल सांगायला हवं. मावशी झाडलोट करत, पाणी भरत आणि घंटा देत. घंटा होती वरच्या मजल्यावर आणि मावशींचे गुडघे होते खालच्या मजल्यावरचे. त्यामुळे प्रत्येक तास पाच-सहा मिनिटं उशिरा संपायचा आणि मधली सुट्टीही तेवढीच लांबायची. याची तक्रार कोणी कधी केली नव्हती.

सोळाव्या दिवशी समितीच्या खोलीतले कप उचलताना मावशींना एका बशीखाली तो छोटा कागद सापडला. त्यांनी तो वाचला, आणि तिसऱ्या ओळीपर्यंत वाचला. त्यांना त्यावर अभिप्राय द्यायचा नव्हता, त्यामुळे वाचायला वेळ होता.

"ए भिंगरे, घड्याळ कळतं का गं तुला?"

"कळतं. डिजिटल नको, काट्यांचंच."

"मग तास संपला की वर पळायचं, टोला द्यायचा, पळत खाली यायचं नि गुपचूप बाकावर बसायचं. मध्ये रेंगाळलीस तर काम काढून घेईन."

"आणि तुम्ही काय करणार?"

"मी खाली बसून तुझ्यावर लक्ष ठेवीन. तेवढं आहे माझ्याकडे."

दुसऱ्या दिवसापासून घंटा अगदी ठोक्याला होऊ लागली. पस्तीस मिनिटं संपली, बाई तक्त्यात खूण करायला खाली वाकल्या, की भिंगरी उठायची, जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढायची, टोला द्यायची आणि परत येऊन बसायची. मधल्या पस्तीस मिनिटांत ती अगदीच पुतळ्यासारखी बसायची असं नाही. पट्टी पडायची, पण एकदाच. शेजारणीची वही हिसकावण्याऐवजी ती मागायला लागली. एका सकाळी तर तिने आख्खं उदाहरण शेवटपर्यंत सोडवलं, आणि खाली दोन रेघा मारल्या. बाईंच्या तक्त्यात 'आहे, आहे, आहे' अशा खुणांची रांग लागली. बाईंनी तक्ता डोळ्यांजवळ नेऊन पाहिला, आपल्याच खुणा आहेत याची खात्री केली, आणि त्या दिवशी कित्येक दिवसांनी वर्गाला थोडंसं शिकवलं.

साहजिकच समिती अस्वस्थ झाली.

तिसाव्या दिवशी शेवटची बैठक भरली. आईने दुकानातून दोन तासांची सुट्टी घेतली होती. भिंगरी तिच्या शेजारी बसली होती, पाय हलवत, नजर भिंतीवरच्या घड्याळावर.

"तक्ता तर उत्तम आहे," मोठ्या बाई म्हणाल्या. "मग लक्ष सापडलं म्हणायचं का?"

"सापडलंय, पण नियमाप्रमाणे नाही," कारकून उभा राहिला. "सापडलेली वस्तू आधी कार्यालयात जमा करायची असते. मग ओळख पटवायची, मग ताब्यात द्यायची, मग सही. इथे वस्तू परस्पर मालकिणीकडे गेली आहे. कोणी शोधली, कुठे शोधली, कसलाच कागद नाही."

"मावशींनी तिला घंटा द्यायला सांगितली," आई म्हणाली. "त्याने फरक पडला."

वर्गावरच्या बाई आईकडे वळल्या.

"म्हणजे ही घंटा वेळेवर होते ती तुमच्यामुळे!" बाई कळवळून म्हणाल्या. "चौदा दिवस झाले, माझा चहा अर्धाच राहतोय."

"लेखी आदेशाशिवाय टोला," कारकुनाने लिहून घेतलं. "एकूण चौदा दिवस."

"उद्यापासून हे बंद," मोठ्या बाई हळुवारपणे म्हणाल्या. त्या कधीच आवाज चढवत नसत, हे त्यांना भेटलेला प्रत्येक जण सांगेल. "मुलीचं लक्ष आधी रीतसर सापडू दे. मग घंटेचं बघू."

"रीतसर सापडायची मुदत आज संपते, बाई," कारकुनाने आठवण करून दिली.

"अरेरे," मोठ्या बाई म्हणाल्या, आणि त्यांना खरंच वाईट वाटलं.

आईने हात जोडले. "बाई, तो कागद तुमच्यासमोरच आहे. कृपा करून खालची ओळ वाचा."

मोठ्या बाईंनी कागद उचलला, चष्मा लावला आणि अगदी खालची, छापील ओळ मोठ्याने वाचली : "दवाखाना रविवारी बंद राहील."

"त्याच्या वरची हो. तिसरी."

"बाई, घंटा!" भिंगरी एकदम उठली. काटा पस्तीस मिनिटांच्या पुढे गेला होता.

"बघा," कारकून म्हणाला. "बैठक चालू आहे आणि हिचं लक्ष घड्याळाकडे." त्याने नोंदवहीत ते लिहिलं. कागद पुन्हा बशीखाली गेला.

निर्णय एकमताने झाला. जाताना मोठ्या बाईंनी भिंगरीच्या डोक्यावरून हात फिरवला. "बाळ, तुला काही सांगायचंय का?"

"मी पहिल्या दिवशी एक विचारलं होतं. त्याचं उत्तर राहिलंय."

मोठ्या बाईंनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी तीस दिवसांचा तक्ता उलटासुलटा केला. त्यात तीन रकाने होते, प्रश्नाचा नव्हता. "मला नाही बाई आठवत," त्या म्हणाल्या.

"मग काही महत्त्वाचं नसेल," मोठ्या बाई म्हणाल्या.

सोमवारपासून आईने सकाळची पाळी सोडली. दोघी पहिल्या बसला उभ्या असतात तेव्हा इकडे मावशी कठड्याला धरून एकेक पायरी चढत असतात. घंटा पुन्हा सहा मिनिटं उशिरा होते, बाईंचा चहा पुरा होतो. बाकीच्या सदतीस लक्षांचं काय करायचं यावर समितीने वेळ मागून घेतला आहे. भिंगरीच्या ओळीसमोर कारकुनाने 'निकाली' असं लिहून खाली दोन रेघा मारल्या.

या सगळ्यांना आपण मनसोक्त हसलो. हसायलाच हवं, माणसं होतीच तशी. आता फक्त एवढं सांगा, वाचकहो : त्या मुलीने काय विचारलं होतं? वर न पाहता सांगायचं आहे. प्रश्न सुरुवातीलाच होता, फळ्यापाशी, आणि तुम्ही तो नुकताच वाचला होता.

नसेल आठवत, तर खंत करू नये. कार्यालय अकरा वाजता उघडतं. कारकून नाव विचारील, नग विचारील, रंग विचारील. मग मान खाली ठेवूनच विचारील, शेवटचं कुठे दिसलं होतं? सांगा, दुसऱ्या परिच्छेदात. तीस दिवसांची मुदत आहे.