गच्चीवरच्या तालमीची आणि दुधाच्या किटलीची हकीकत

श्रीबलभीमाचे स्मरण करून, घरच्या चुलीस वंदन करून, आणि वाचणाऱ्यांच्या पाठीच्या कण्यास आरोग्य चिंतून ही हकीकत लिहिली असे. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, आश्विन शुद्ध प्रतिपदा, घट बसले ते दिवशी या राज्यात एक थोर मोहीम सुरू जाहली. राज्य म्हणाल तर तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आणि एक पाकशाळा, वर गच्ची, आणि गच्चीवर पाण्याच्या टाक्यांचा बुरूज. तेथे राजेश्री बळवंतराव राज्य करीत होते. वय पन्नाशीपलीकडे, पोट अंमळ पुढे चाल करून गेलेले, परंतु तरुणपणी गावच्या तालमीत कुस्ती खेळलेले, आणि ती गोष्ट ते कोणास विसरू देत नसत. राणीसाहेब सुलभाबाई यांजकडे पाकशाळेचा सर्व अंमल. आणि एकुलती राजकन्या गार्गी, वय पंधरा, इयत्ता नववी. या कन्येची शाळेने गोळाफेकीसाठी निवड केली, आणि मैदानाच्या सरांनी सांगून पाठविले की हात चांगला आहे पण अंगात ताकद कमी आहे, तरी घरी वजनाचा व्यायाम सुरू करावा आणि खाणे सुधारावे. हे ऐकून राजांस बहुत हर्ष जाहला. कारण की अलीकडे पोर त्यांच्याशी बोलेनाशी झाली होती; काय चालले आहे म्हणून पुसावे तर "काही नाही" एवढेच उत्तर येई आणि दार लागे. आता ती आपण होऊन आपल्या मुलखात येते आहे, असे राजांस वाटले.

मग राजांनी माळ्यावर चढाई केली, आणि आपले जुने लाकडी मुद्गल खाली उतरविले, आणि धूळ पुसून कन्येपुढे उभे करून बोलले, "घे, फिरव." तेव्हा गार्गी म्हणाली, "बाबा, सर म्हणालेत आधी नुसती काठी. बसायची-उठायची पद्धत नीट जमली की मग वजन." राजांचे तोंड उतरले. परंतु मग त्यांस आपले वस्ताद आठवले. वस्तादांनीही त्यांस कित्येक महिने एक डाव शिकविला नव्हता; रोज आखाड्याच्या हौद्याची तांबडी माती खणविली, तीत ताक, तेल आणि लिंबे कालवविली, आणि अंग तयार झाले तेव्हाच कुस्तीस उतरविले. "बरोबर आहे तुझ्या सरांचं," राजे म्हणाले, आणि मुद्गल कोपऱ्यात ठेवून झाडूचा दांडा घेऊन आले. मग गच्चीवर खडूने मोठा चौकोन आखला, आणि हा आपला हौदा, चपला काढल्याशिवाय आत यायचे नाही, असा हुकूम काढला.

तेथून पुढे रोज सकाळी कन्येने दांडा खांद्यावर घ्यावा आणि बैठका माराव्या, आणि राजांनी कठड्याशी बसून, पाठ सरळ, टाचा खाली, श्वास कोंडू नको, असे सांगत जावे. पद्धत बसल्यावर तेलाचे रिकामे डबे आणून त्यांत थोडी थोडी वाळू भरली, आणि अंग दुखले त्या दिवशी सुट्टी दिली. आणि मधल्या विसाव्यात राजे तालमीच्या गोष्टी सांगत. मातीचा वास कसा, वस्तादांची हाळी कशी, आणि मुख्य म्हणजे खुराक कसा. संध्याकाळी पितळी किटली येई, तीत बदाम वाटून घातलेले दूध, वर बोटभर साय, आणि ते राजे एका दमात पीत. हे सांगताना त्यांचे डोळे मिटत आणि जिभेवर ती चव येई. किटली तालमीपर्यंत चालत कशी येई ते मात्र राजे सांगत नसत; ऐकणारास वाटावे की तिला पाय होते.

राणीसाहेबांनीही कुमक पाठविली. मोड आलेल्या मटकीची उसळ, उकडलेली अंडी, ताक, डब्यात शेंगदाणे आणि गूळ, येणेप्रमाणे बंदोबस्त केला. परंतु कन्या अर्धी भाकरी मोडून उठू लागली, दूध तसेच सायीखाली निवू लागले, आणि डबा होता तैसा परत येऊ लागला. पुसावे तर "भूक नाही." ऐसे होता होता दिवाळीच्या तोंडावर एके सकाळी वाळूचे डबे उचलता उचलता कन्येच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ती चौकोनातच मटकन खाली बसली. राणीसाहेब धावत वर आल्या, पोरीचा चेहरा पाहिला आणि म्हणाल्या, "बस झालं. हे सगळं बंद करा." मग राजांनी डिंकाचे लाडू पुढे केले, आर्जवे केली, रागावूनही पाहिले. शेवटी कन्या बोलली, "वर्गातल्या मुली म्हणतात, दंड जाड होतील. पैलवान दिसशील म्हणतात. मला नाही खायचं." आणि दार लागले. राजे गच्चीवर जाऊन रिकाम्या चौकोनाकडे पाहत बसले. गोळाफेक राहिली तर राहिली, परंतु पोर पुन्हा त्या "काही नाही"च्या पलीकडे जाणार, या धास्तीने त्यांस घास गोड लागेना.

इतक्यात भाऊबीज आली, आणि राजांच्या वडील भगिनी इंदुअक्का गावाहून येत्या जाहल्या. एका मनगटास पट्टा, दुसऱ्या हातात किटली. "तूप आणलंय घरचं," अक्का म्हणाल्या. राजांनी किटली ओळखली. तीच पितळी, कडीपाशी तोच पोचा. "अगं गार्गी, ही बघ, हीच ती!" असे म्हणून राजांनी तालमीची गोष्ट पुन्हा आरंभिली, आणि किटली येई तेथवर आले, तो गार्गीने पुसले, "पण आणायचं कोण?" अक्का हसल्या.

"कोण म्हंजे? मी. आई दूध द्यायची, मी गल्ली ओलांडून न्यायची. तालमीत बाईमाणसानं पाय ठेवायचा न्हाई, म्हणून उंबऱ्याबाहेर उभी ऱ्हायची. हा बाळू यायचा, घटाघटा प्यायचा, रिकामी किटली हातात द्यायचा. वाटंत मी कडंची साय बोटानं चाटायची, तीबी कुणी बघत न्हाई असं बघून."

"तुला नाही मिळायचं?"

"पोरीला कशाला खुराक, म्हणायची आई. तीबी कधी प्याली न्हाई म्हणा." मग अक्कांनी पट्टा बांधलेला हात पुढे केला. "न्हाणीत जरा पाय घसरला, एवढ्यावर मनगट मोडलं. डॉक्टर म्हणाले, हाडात काय ऱ्हायलंच न्हाई." हे त्यांनी अगदी सहज सांगितले. राजांस बदाम आठवत होते, साय आठवत होती, परंतु उंबऱ्याबाहेरच्या त्या मुलीचे तोंड काही केल्या आठवेना. मग ओवाळणे जाहले, आणि राजांनी लुगडे पुढे केले, ते अक्कांनी बाजूस सारले. "लुगडी हाईत मला. त्या किटलीतलं एक भांडं दूध पाज."

तेव्हा राजे खुद्द पाकशाळेत शिरले. किटलीतले तूप बरणीत काढले, किटली घासली, बदाम वाटले, आणि दूध एकवार उतू घालविले, ते राणीसाहेबांनी पुसून घेतले. भांडे हाती येताच अक्का गार्गीस म्हणाल्या, "मी एकटी प्यायची न्हाई. तुझंबी आण." गार्गीने आपले भांडे आणले, पण तोंडास लावले नाही. मग म्हणाली, "आत्या, आणि दंड जाड झाले तर?"

"होऊंदेत की. माझं बारीकच ऱ्हायलं, काय कामाला आलं?"

गार्गीने भांडे तोंडास लावले आणि खाली ठेवले तेव्हा ओठांवर सायीची मिशी होती. अक्का मात्र घोट घोट करून पीत होत्या, लवकर संपू नये अशा.

दुसरे दिवशी सकाळी गार्गी आपण होऊन गच्चीवर गेली आणि दांडा खांद्यावर घेऊन बैठका मारू लागली. राजे कठड्याशी बसले. मागून अक्का किटली घेऊन आल्या आणि खडूच्या रेघेबाहेर उभ्या राहिल्या. कोणी सांगितले नव्हते, पाय आपोआप तेथेच थांबले. गार्गीने दांडा खाली ठेवला. "आत्या, तिथं काय उभी? ये ना इकडे."

अक्कांनी राजांकडे पाहिले. राजे उठले आणि अक्कांपुढची रेघ पायाने पुसून टाकली. तरी अक्कांनी चपला काढल्याच, रीतसर, आणि मग आत आल्या. राजे टाकीत पाणी किती आहे ते पाहण्याच्या निमित्ताने पलीकडे गेले आणि बराच वेळ तिकडेच राहिले.

येणेप्रमाणे मोहीम तडीस गेली. कन्येच्या दंडांस आता आकार आला आहे, भाकरी अर्धी मोडून ती उठत नाही, आणि गोळा किती लांब जातो ते तिचे सर जाणोत. राज्यात दूध तापले की भांडी सर्वांची मांडतात, राणीसाहेबांचेही. अक्का गावी परतल्या, किटली येथे ठेवून गेल्या. राजे तालमीच्या गोष्टी अजूनही सांगतात, त्यांतले एक अक्षर कमी जाहले नाही. फक्त आरंभ आता ऐसा करितात की, माझी एक बहीण होती, ती रोज संध्याकाळी बाहेर उभी राहायची.