कीर्तीनं घेतलेली जागा

कीर्ती गच्चीवर फोनवर बोलत होती आणि तिची आई विमलाबाई वाळलेल्या कपड्यांची टोपली घेऊन जिन्यात थांबली होती. टोपली जड नव्हती. थांबण्याचं कारण कानात होतं.

"दोघांचं जुळलं पाह्यजे रे अनुप," कीर्ती सांगत होती. "नाही जुळलं, त गुण..." पुढचं वाऱ्यानं नेलं.

अनुप हा कीर्तीच्या कॉलेजातला, अड्याळचा मुलगा. मराठी शाळेतून आल्यामुळे त्याला कंप्युटरचं इंग्रजी पुस्तक झेपत नाही, म्हणून तो अभ्यास विचारायला फोन करतो, असं कीर्तीनं घरी सांगितलं होतं. पण अभ्यासात गुण जुळवायची पाळी कुठून आली? विमलाबाईंनी स्वतः अजून मुलीची पत्रिका कोणाला दाखवली नव्हती.

वडील टेकचंद यांचं भंडाऱ्यात हातमागाच्या साड्यांचं दुकान. गिऱ्हाइकानं पदर उलटून पाहिला तरी ते त्याच्याकडे संशयानं पाहत. बायकोला ते 'अभ्यासच असेल' म्हणाले खरे, पण दुसऱ्या दिवशी दुकान लवकर बंद करून जिन्यात स्वतः जाऊन उभे राहिले.

"जागा घेतली त पत्ता जपून ठेव," कीर्ती म्हणत होती. "पत्ता हरवला त जागा आपल्याच नावावर रायते, पण आपल्यालेच सापडत नाही. अन् सोडतानी आधी आतल्यायले सोड. बाहेरचं आधी सोडलं, त आतल्यायपर्यंत पोचशीन कसा?"

टेकचंद घाईघाईनं खाली आले. पोरांनी परस्पर खोली घेतली आहे आणि आत कोणीतरी आहे, असं त्यांनी बायकोला सांगितलं. कोण, असं विमलाबाईंनी विचारलं. ते ठाऊक नसल्यामुळेच त्यांना जास्त घोर लागला होता. कीर्तीला विचारावं तर ती सावध होणार. त्यापेक्षा मुलाचं घरच गाठायचं ठरलं. विणकरांकडचा माल पाहायला जातो असं सांगून दोघं अड्याळच्या एस.टी.त बसली.

अनुपचे वडील टिकाराम अंगणात धान वाळवत होते. टेकचंदांनी आपण कीर्तीचे आईवडील असल्याचं सांगताच आतून अनुपची आई आनंदाबाई बाहेर आली. तिनं पाण्याचा तांब्या ठेवला, पण बसा म्हटलं नाही.

"आमच्या पोरानं मागतली, तवा तुमी नाही म्हटलं," ती म्हणाली. "आता कायले आले?"

"काय मागतली?"

"तुमची पोरगी."

तिनं हे स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. मागून पाहिली, नाही मिळाली, रिकाम्या हातानं परत आलो, असं अनुप फोनवर सांगत होता. तेव्हापासून पोरगं नीट जेवत नव्हतं.

टेकचंदांकडे कोणी काही मागितलंच नव्हतं. पण दुकानदारी हाडात मुरलेली. आपण कोणाला रिकाम्या हातानं परत पाठवलं, हा आरोप त्यांच्या जिव्हारी लागला. "आमी दारातून कोणाले असं वापस पाठवत नाही," ते तावातावानं म्हणाले.

आनंदाबाईचा चेहरा उजळला. चहा आला, त्यात साखर सढळ होती. धान विकलं की तारीख धरू, असं टिकाराम म्हणाले. विमलाबाईंनी नवऱ्याला कोपर मारलं. टेकचंदांनी सावरायला तोंड उघडलं, पण त्यांच्या प्रत्येक वाक्यानं लग्न आणखी जवळ येत गेलं. आनंदाबाई नारळ घेऊन बाहेर आली, तेवढ्यात अनुप सायकलवरून उतरला. कीर्तीचे आईवडील, चहा आणि नारळ एकदम पाहून त्याच्या हातातून सायकल सुटली.

मग त्यानं घाम पुसत सगळं सांगितलं. मॅट्रिक्स म्हणजे आकड्यांचे उभे-आडवे रकाने. ते किती येतील हे आधी ठाऊक नसतं, म्हणून प्रोग्राम चालू असताना कंप्युटरच्या मेमरीत जागा मागायची. कधी मिळते, कधी नाही. मिळाली की तिचा पत्ता जपायचा, काम झालं की सोडून द्यायची. आणि पहिल्या मॅट्रिक्सच्या उभ्या रकान्यांची संख्या दुसऱ्याच्या आडव्या ओळींशी जुळली, तरच दोघांचा गुणाकार होतो.

"अन् आत कोन आहे?" टेकचंदांनी दबक्या आवाजात विचारलं.

"ओळी आहेत, काका."

टिकारामांनी मुलाला विचारलं, मग तू जेवत काहून नाहीस? प्रोग्राम चालत नाही म्हणून, असं तो म्हणाला. आनंदाबाई नारळ घेऊन आत गेली. दुसरा चहा आला नाही.

संध्याकाळी दोघं घरी पोचली तेव्हा कीर्ती दारातच उभी होती. अनुपचा फोन तिला आधीच आला होता. काळजी वाटली म्हणून गेलो, असं टेकचंद पुटपुटले.

"अनुपसंगं काहून पळून जाईन मी, बाबा?" ती शांतपणे म्हणाली आणि आत निघून गेली.

टेकचंदांच्या छातीवरचा धोंडा उतरला. चहा मांडायला सांगून ते चपला काढू लागले. विमलाबाई मात्र उंबऱ्यावरून हलल्या नाहीत.

"काय म्हटलं तिनं, आयकलं का?"

"पळून जात नाही म्हणते."

"तसं नाही म्हटलं. अनुपसंगं काहून, म्हटलं."

टेकचंदांनी एक चप्पल काढली होती. ती त्यांनी पुन्हा पायात घातली.