तुळईतली टकटक

एकटंच राहायचं तर निदान जरा जिवंत वाटणाऱ्या घरात राहावं, एवढाच माझा साधा विचार होता. (माझे साधे विचार नंतर निस्तरावे लागतात.) माझी बायको चित्रा पुण्यातली नोकरी सोडेना. घर पाहून तरी येईल, म्हणून मी इकडे आयर्लंडात, माझं ऑफिस असलेल्या नास गावाबाहेरचं एक जुनं शेतघर भाड्याने घेतलं. कोण्या इंग्रजाने इथे येऊन आपल्या पद्धतीने बांधलेलं. ओकचे खांब, ओकच्या तुळया, जोडांत खिळ्यांऐवजी लाकडी खुंट्या आणि खांबांच्या मधे काठ्या विणून त्यावर लिंपलेली शेणमाती.

"म्हणजे कूड!" चित्रा व्हिडिओ कॉलवर किंचाळली. "आमच्या गुहागरला कूड पाडून चिऱ्याची भिंत घातली तेव्हा पेढे वाटले होते. आणि तू भाडं भरून कुडात राहतोयस?"

ती काही आली नाही. संध्याकाळी ते घर फारच मोठं वाटायचं. अशाच एका संध्याकाळी तुळईतून आवाज आला, टक टक टक. मी सहज चमच्याने खांबावर वाजवलं, तर चक्क उत्तर आलं! मग रोजचंच झालं. ऑफिसातून आलो की चहा आणि टकटक. दिवसभरात माझ्याशी इतकं कुणी बोलत नव्हतं, खरंच सांगतो.

घरमालकीण मिसेस बर्क एकदा तुळया बघायला आल्या, तेव्हा चित्राचा कॉल चालूच होता. लाकडाला कान लावून बाई खणखणीत आवाजात म्हणाल्या, "युअर मॅन इज नॉकिंग फॉर अ वाइफ! अँड समवन इज आन्सरिंग हिम!"

आता आयर्लंडात 'युअर मॅन' म्हणजे 'तो बाबा', कुणीही. इथे तो लाकूड पोखरणारा किडा होता. पुण्यात मात्र 'युअर मॅन' म्हणजे नवरा.

कॉल कट झाला. त्याच आठवड्यात चित्रा बॅगेसह दारात.

"कुठाय ती?"

"कोण ती?"

"तुला उत्तर देणारी!"

शेवटी मिसेस बर्कना बोलावलं. त्यांनी समजावलं, की नर किडा टकटक करतो आणि मादी त्याला उत्तर देते. चित्राने माझ्या हातातल्या चमच्याकडे पाहिलं.

"म्हणजे ती बाई तू होतास?"

ती खाली बसून हसली. त्या घरात इतकं हसू मी पहिल्यांदाच ऐकलं. मग रजा संपली आणि ती परत गेली.

आता मी चमचा वाजवतो, पण तुळई गप्प. परवा मिसेस बर्कना कारण विचारलं, तर म्हणाल्या, "ग्रँड! युअर मॅनला बायको मिळाली."

क्षणभर मला वाटलं, माझ्याबद्दलच बोलतायत.