साक्षीची बाटली

कन्निकाच्या वडिलांना जाऊन तीन महिने झाले होते, आणि आज विहाराच्या पडवीत त्यांच्या विहिरीचा निकाल लागणार होता. थायलंडमधल्या लाम्फूनजवळच्या त्या गावात खोल बोअरच्या पाण्यातल्या फ्लोराईडनं निम्म्या लोकांचे दात तपकिरी केले, तेव्हा गोड पाणी शोधून ही विहीर त्यांनीच खणवली होती. आता तिचंही पाणी बिघडल्याची कुजबुज होती. गावप्रमुख इन्थोन यांनी जाहीर केलं होतं, पाणी वाईट निघालं तर विहीर बुजवायची.

कन्निका चिआंग माईच्या प्रयोगशाळेतून पिवळं रंगद्रव्य घेऊन आली होती. फ्लोराईड भेटलं की ते जांभळं होतं.

आईनं आणलेल्या बाटलीत विहिरीचं पाणी भरलं, त्यात चार थेंब पडले आणि बाटली जांभळी झाली. दुसरी भरली, तीही जांभळी.

इन्थोन हळू आवाजात म्हणाले, "पोरी, तुझा बाप देवमाणूस. पण पाण्याला ते कुठं कळतंय?"

 कन्निकाला वडिलांची सवय आठवली. आधी पावसाच्या, म्हणजे फ्लोराईड नसलेल्या पाण्याची एक बाटली तपासायची, तिला ते साक्षी म्हणत. साक्षीशिवाय निकाल म्हणजे पारावरच्या गप्पा, असं त्यांचं मत होतं. घाईत ती साक्षीला विसरली होती.

तिनं विहाराच्या रांजणातलं पावसाचं पाणी भरलं. तेही जांभळं झालं. तीस वर्षं तेच पाणी पिणाऱ्या वृद्ध भंतेंनी गुपचूप दातांवरून जीभ फिरवली.

"आई," कन्निका वळून म्हणाली, "बाटल्या कशानं घासल्यास?"

"टूथपेस्टनं. भंतेंपुढं डागाळलेल्या मांडायच्या होत्या का?"

"आणि विसळल्यास?"

"जरा जरा. वास छान येत होता."

टूथपेस्टमध्ये तेच फ्लोराईड असतं, हे कन्निकानं सांगितल्यावर आधी भंते हसले, मग बाकीच्यांना हसायची मुभा मिळाली. बाटल्या रांजणाच्या पाण्यानं सातदा धुतल्या गेल्या. साक्षी पिवळी राहिली. विहीरही पिवळी राहिली. इन्थोननी स्वतःच पहिला पेला मागून घेतला.

परतताना कन्निका म्हणाली, "बाबांना तू अशाच धुऊन द्यायचीस?"

"तीस वर्षं. एकदाही नावं ठेवली नाहीत त्यांनी."

"आणि त्यांचे निकाल कधीच चुकले नाहीत."

आई चालता चालता थांबली. 

"तपासणीच्या दिवशी पहाटे घरच्या रांजणापाशी तासभर पाणी वाजायचं," ती म्हणाली. "मला वाटायचं, दात घासतायत."