टाकळधोंड्याच्या पाण्याची आणि मोरीची मोहीम

श्री. सकळ वाचणारे धनी यांचे हुजुरी अर्ज ऐसा जे, मौजे टाकळधोंडा, तालुके आष्टी, जिल्हे बीड, येथे पाणी कैसे आले आणि सांडपाण्याची पक्की मोरी कैसी जाहली, हे आपण पुसिले, तरी जैसे घडले तैसे लिहितो. गाव आमचेच, सबब त्याची अब्रू झाकण्याची तजवीज या बखरीत केली नाही. झाकून काय होते ते पुढे येईलच.

फसली सन तेराशे सत्तावीस, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे सतरा-अठरा. विलायतेस तोफा गर्जत होत्या, ते समयी टाकळधोंड्यास आठवड्याचा बाजार भरू लागला, आणि बाजारामागे वाणी आले, शिंपी आले, धनगरांची वस्ती माळावरून उठोन गावास चिकटली, आणि घरे दुप्पट जाहली. विहीर मात्र पणज्याचे वेळची ती एकच, तीही संक्रांतीस तळ दाखवी. मग बायकांनी दोन कोस नदीवर जावे, आणि वरल्या आळीने आपले सांडपाणी खालच्या आळीस नजराणा पाठवावे, आणि त्या पाण्याने साखराबाई धनगरणीचे दारापुढे गटार करोन बारमाही छावणी टाकावी. पुरुषमंडळी पारावर बसोन गाव वाढल्याची मिजास करीत. त्यांस पाण्याची ददात नव्हती. त्यांचे घरी ते आपोआप येई, म्हणजे बायकोचे डोईवरून.

ऐशा मुलखाचे धनी आश्रुबा पाटील. मिशी ऐसी की दोन्ही टोकांस लिंबे ठरावी. एके दुपारी त्यांचे कुटुंब छबुबाईसाहेब नदीवरून आल्या, घागर उतरिली आणि मान धरोन उंबऱ्यावर बसल्या. पाटील बाजेवर पहुडले होते. त्यांनी डोळा न उघडता सवाल केला, "पाय धुवाया पानी कावून काढलं न्हाई अजून?"

छबुबाई उठल्या. गाडी जुंपविली आणि माहेरी, कडा गावास, कूच केले. तेथे परसातच आड.

मग पाटलांनी स्वहस्ते भाकरी थापिली, आणि ती एके बाजूने जळाली व दुसरे बाजूने कच्ची राहिली, आणि चवथे दिवशी त्यांनी चुलतभाऊ गहिनीनाथ यास वकील करोन कड्यास रवाना केले. तो तहाची कलमे घेऊन परतला.

"वयनी म्हनल्या, गावात पानी आल्याबिगर येत न्हाई. आन नव्या पान्याची पहिली घागर तुमी सोता डोईवर घिऊन घरी आनायची, समद्या गावादेखत."

"येडी हाय का ती बे? पाटलानं घागर व्हायची?"

"मंग खावा करपकी भाकर, दादा."

पाटलांनी पहिले कलम कबूल केले, दुसरे मुलतवी ठेविले, आणि तहसिलीत अर्ज गुदरला जे, नवी विहीर व मोरी मिळावी. जबाब आला की तहसीलदारसाहेब बहादूर जातीने मुआयन्यास, म्हणजे पाहणीस, येतात.

तेव्हा चावडीत खलबत बसले. पाटलांनी फर्माविले की, साहेबांचे नाकास दुर्गंधी आणि पायास धूळ लागता कामा नये. गहिनीनाथाने पुसिले, "वासच न्हाई आला, तर त्यो मोरी कावून दील?" यावर त्यास गप्प बसण्याचा हुकूम जाहला, आणि अक्कल त्याच घटकेस टाकळधोंड्याची वेस ओलांडोन गेली.

मग दोन दिवस गावच्या बायांची फौज नदीवर खपली, आणि रांजण भरले, हंडे भरले, वेशीपासून चावडीपर्यंत सडा पडला, आणि साखराबाईचे दारापुढील गटारावर कडब्याच्या पेंढ्या टाकोन वर चावडीचे जाजम अंथरिले. साहेब आले. साहेब न्हाले, साहेबांचे घोडे न्हाले, सरबत जाहले. मग साहेबांनी चहूकडे नजर टाकोन ऐसा हुकूम दिला जे, गाव साफ आहे, पाणी मुबलक आहे, येथे घोडीसुद्धा गंगास्नान करितात, सबब अर्ज नामंजूर.

पाटील तारीफ ऐकोन कमरेत वाकले. वाकल्यावर उमजले. मान वर होईना. कड्याची गाडी डोळ्यांपुढे माघारी वळली.

साहेब घोड्याकडे निघाले, आणि जवळची वाट म्हणोन जाजमावर पाऊल ठेविले, आणि सरकारची स्वारी उजवे पायी गुडघ्यापर्यंत गटारात दाखल जाहली. पाय निघाला. बूट निघाला नाही. "पानी लाओ!" ऐसी गर्जना उठली, आणि गाव धावले, आणि रांजण उपडे केले, हंडे झटकिले, परंतु गावात टिपूस नव्हता.

साखराबाईने आपली बाज ओढोन पुढे केली.

"बसा, सायब. पानी हुतं. तुमी न्हाला, तुमचं घोडं न्हालं, वाट न्हाली. सपलं. बाया नदीला गेल्यात, दोन कोस हाय."

साहेब बसले. दोन कोस चालल्यावाचून पाणी येत नाही, हा कायदा सरकारासही लागू जाहला. उन्हाने चिखल वाळला, माशांनी तळ दिला, आणि साहेबांनी बहुत वेळाने पुसिले, "रोज ऐसाच?"

"रोज. आन पायबी रोजच भरतो. आमचा बगाया कुनी येत न्हाई."

बाया आल्या. साहेबांचा पाय धुतला गेला. मग त्यांनी भर दरबारी पाटलांस 'गधा' हा किताब बहाल केला, आणि त्याच दमात विहीर व मोरी मंजूर केली.

वैशाखात पाणी लागले. छबुबाईंची गाडी नव्या विहिरीशी येऊन उभी राहिली, पण त्या खाली उतरेनात. अवघा पार पाहत होता. पाटलांनी पागोटे काढिले, त्याचीच चुंबळ केली, आणि घागर डोईवर घेतली. पहिले वळणी पाणी कानात गेले, दुसरे वळणी मिशी उतरली, पारावरून कोणी खोकले, कोणी हसले, आणि पाटील चालत राहिले. मागून गाडी सावकाश येत होती. उंबऱ्याशी पोहोचेतो घागर अर्धी सांडली होती. पाटील मान धरोन खाली बसले.

छबुबाई गाडीतून उतरल्या. त्यांनी घागरीत डोकावोन पाहिले.

"पाय धुवाया काढू का पानी?"

"नगं," पाटील म्हणाले. "लई लांबून आनलंय."

येणेप्रमाणे टाकळधोंड्याची फत्ते जाहली. चावडीत शिळा बसविली, तीवर सरकारचे नाव आहे, पाटलांचे आहे, दोन कोस चाललेल्या एकाही बाईचे नाही, म्हणोन येथे लिहिले. मोहिमेत कामी आला तो साहेबांचा उजवा बूट, मोरीखाली दफन आहे. विहीर घरापासून दोनशे पावले. पाटलांची मान तीन दिवस दुखत होती.