आबांची अळणी वीज

विजेला चव असते, हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नाही. ते लोणावळ्याला, धरणाच्या लाँचवर, तुकाआबांनी शिकवलं.

आबा लाँच चालवायचे आणि तिचा विजेचा दिवाही सांभाळायचे. रोज संध्याकाळी निघण्याआधी बॅटरीकडून येणाऱ्या तारेची दोन टोकं ते जिभेला लावत, डोळे मिटत आणि निकाल देत. "झणझणीत हाय." नाहीतर, "आज अळणी. हिरवी आली वाटतं."

हिरवी म्हणजे तांब्याच्या तारेवर चढणारा कळंक. आमच्याकडच्या पावसाळ्यात चपलांनाही बुरशी येते, तिथं तार काय टिकणार? पण आबा तिच्याविषयी बोलत ते न सांगता मुक्कामाला आलेल्या पाहुणीविषयी बोलावं तसं. "काल हाकलली, आज पुना हजर. लाज न्हाई तिला."

त्यावर त्यांचा इलाज एकच, चिंच. तार सोलायची, चिंचेनं घासायची, गरम पाण्यानं धुवायची, वाळवून वर मेण लावायचं. घरातली तांब्याची भांडी चिंचेनं लखलखतात, मग तारेनं काय घोडं मारलंय, असा त्यांचा सवाल.

मी धरणाच्या कचेरीत कारकून. आमच्या घराण्यातला पहिला बी.ए., आणि ही गोष्ट मी सहसा कुणाला विसरू देत नसे.

"आबा, पुस्तकात असं काही नाही."

"पुस्तकाला कळंक चढत न्हाई, बीए. जीभ काढा, दावतो."

मी काढली नाही. बी.ए. झालेल्या माणसानं जीभ कुठं काढावी याला काही मर्यादा असते.

एका श्रावणात मात्र चिंचेनंच घात केला. आबांनी घाईत तार धुतलीच नाही. आंबट तसंच राहिलं, हिरवी दुप्पट जोमानं आली आणि आठवड्यात दोनदा ऐन पाण्यात दिवा विझला. आमच्या कचेरीच्या साहेबांनी बॅटरीची पेटी उघडली, वास घेतला आणि इथं आमटी कोण करतं, असं विचारलं. मग मला हुकूम लिहायला सांगितला: लाँचवरची वीज काढावी, रॉकेलचा कंदील लावावा. गुरुवारी स्वतः एक फेरी मारून ते त्यावर सही करणार होते. मी तो माझ्या उत्तमोत्तम इंग्रजीत लिहिला आणि आबांना सांगितलं.

आबांनी विचारलं, "धुक्यात कंदील कितीवरनं दिसतो, बीए?"

"चार हात."

"मंग न्हाई चालायचं."

बुधवारी त्यांनी सगळी तार उपसून घासली, तीन पाण्यांनी धुतली आणि कचेरीतल्या शेगडीभोवती कुरडयांसारखी वाळत घातली.

"नोकरी जात नाही हो आबा, नुसता दिवा जाईल," मी धीर दिला.

"दिवाच जाया नगं."

गुरुवारी संध्याकाळी धुकं असं की लाँचचं नाक दिसेना. साहेब पुढं बसले, मी मागं. अर्धं पाणी कापल्यावर आबांनी दिवा लावला. लागला. मग त्यांनी तो तीनदा विझवून पुन्हा लावला.

"हे काय?" साहेबांनी विचारलं.

"तपासतोय, साहेब."

पलीकडच्या काठाला लागलो, तर इरलं पांघरून एक म्हातारी उभी होती. आबांना पाहताच ती हसली आणि लगबगीनं वरच्या घराकडं गेली.

साहेब पुढं गेल्यावर मी विचारलं, "या मावशी कोण?"

"भन माझी. आय गेली तवा मी पाळण्यात व्हतो, हिनंच वाढिवला. ऐकू येत न्हाई तिला. मंग भोंगा वाजवून काय उपेग? तीन डाव दिवा लागला की माज्या भाकरीला चुलीवर तवा ठिवती." आबा दोरी बांधत राहिले. "मागं दोनदा इझला ना, तवा मी धुक्यात चाचपडत येईस्तर काठावर भिजत हुबी व्हती. बुडालो म्हनून."

परततानाही दिवा विझला नाही, तेव्हा साहेब म्हणाले, दिवा राहू द्या, फक्त आमटी नको. तो हुकूम मी फाडला. इतकं चांगलं इंग्रजी मी पुन्हा लिहिलं नाही.

पुढच्या आठवड्यात मी घरून शेरभर चिंच घेऊन लाँचवर गेलो. आबा गाल धरून बसले होते.

"आक्कानं कडक च्या पाजला, जीभ पोळली. आज तुमी बघा, बीए."

मी इकडंतिकडं पाहिलं आणि जीभ काढली.

"कशी हाय?"

"झणझणीत," मी म्हणालो.