न मिटणाऱ्या छत्रीची तक्रार

ग्राहक हा राजा असतो, आणि राजाच्या डोक्यावर छत्र असावेच लागते. भूगोलाच्या निवृत्त मास्तरांच्या डोक्यावर ते सलग अकरा दिवस होते, कारण त्यांनी घेतलेली नवी छत्री एकदा उघडली ती मिटायला तयार नव्हती. घराच्या दारातून ती सरळ जात नव्हती, आणि तिरकी केली तर मास्तर जात नव्हते.

"अहो, तिला बाहेर ठेवा आणि तुम्ही आत या," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"पुरावा आहे तो. वाऱ्याने उडाला म्हणजे?"

तेव्हापासून मास्तरांचे ताट बाहेर पायरीवर येऊ लागले. त्यांची आरामखुर्ची त्यांना खिडकीतून दिसत असे. तिच्यात आता मेहुणा बसत असे.

खरेदीत मास्तरांनी हयगय केली नव्हती. बाजारात छत्र्यांची दोन दुकाने समोरासमोर होती, म्हणजे स्पर्धा होती. (दुकानदार एकमेकांचे साडू होते आणि दोघांचा माल सासऱ्यांच्या एकाच कारखान्यातून येई, पण कायदा लोकांच्या घरगुती बाबींत नाक खुपसत नाही.) दर मंगळवारी स्पर्धा निरीक्षक येत, आणि दोघे साडू आपापल्या पायरीवर उभे राहून नियमाप्रमाणे भांडत.

"तुझ्या छत्रीपेक्षा माझी चाळणी बरी."

"मग चाळणीच वीक की. निदान खरं बोलून विकशील."

निरीक्षक 'स्पर्धा तीव्र' अशी नोंद करत, आणि मग तिघे एकाच किटलीतला चहा पीत.

दुकानदाराने छत्री परत घेतली नाही. "उघडलीत म्हणजे वापरलीत, मास्तर. तक्रार उघडण्यापूर्वी करायची असते."

ग्राहक संरक्षण कार्यालय मात्र मास्तरांच्या बाजूने खंबीर उभे राहिले. त्यांचे नियम मोजून तीन होते: वस्तू आतल्या खोलीत हजर करावी, दोष असलेल्या अवस्थेतच हजर करावी, आणि कार्यालयात छत्र्या मिटून आणाव्यात (फरशी ओली होते).

"अहो, पण ती मिटत नाही हीच तर तक्रार आहे," मास्तर खिडकीबाहेरून म्हणाले.

"तुमची तक्रार अगदी रास्त आहे," आतला कारकून म्हणाला. "फक्त ती आत आणा."

(गेल्या वर्षी या कार्यालयात न मिटणाऱ्या छत्र्यांच्या सिद्ध झालेल्या तक्रारी: शून्य. वार्षिक अहवालात याचे श्रेय कारखानदारांच्या सचोटीला दिले आहे.)

अकराव्या दिवशी मास्तरीणबाई ताट घेऊन आल्या आणि छत्रीची काडी त्यांच्या अंबाड्यात अडकली. त्यांनी वैतागून हातातले उलथने दांड्यावर हाणले. छत्री खटकन मिटली. मास्तर आत गेले, मेहुण्याला उठवले आणि आरामखुर्चीत पाय ताणून बसले.

माणूस सरळ. दुसऱ्या दिवशी ते तक्रार मागे घ्यायला गेले.

"मागे घेता येईल की," कारकून म्हणाला. "पण ही तक्रारीतलीच छत्री कशावरून? जरा उघडून दाखवा."

मास्तरांनी उघडून दाखवली.

सध्या ते पुन्हा पायरीवर असतात. उलथने रोज चालते, पण छत्री आता त्याला सरावली आहे. मेहुण्याने खुर्चीसाठी उशी घेतली आहे.

हे वाचून आपला वेळ फुकट गेला असे वाटत असल्यास आपण जरूर तक्रार करावी; कायदा आपल्या पाठीशी आहे. फक्त तक्रार कथा उघडण्यापूर्वी करायची होती. आपण तर शेवटपर्यंत वापरलीत.